पडद्यावरचे डोंगर

आमच्या शहरात ज्यांची लग्नं साठ-सत्तरच्या दशकांत झाली, त्यांच्या घरी भिंतीवर नवरा-नवरीचा एक काळा-पांढरा फोटो असतो. नवरी खुर्चीवर, नवरा मागे उभा, त्याचा एक हात खुर्चीच्या पाठीवर, आणि दोघांच्याही तोंडावर दाढ दुखत असल्यासारखा भाव. कुणाच्या घरी गेले की मी त्या दोघांकडे बघतच नाही. मी त्यांच्या मागचे डोंगर बघते. ते माझ्या वडिलांनी काढलेले आहेत.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा फोटो स्टुडिओंचे पडदे रंगवायचे. मांजरपाटाचं कापड लाकडी चौकटीवर ताणायचं, त्याला चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचा हात द्यायचा, वाळलं की घासायचं, पुन्हा हात द्यायचा आणि मग चित्र. रंग दोनच, काळा आणि पांढरा. फोटोच काळे-पांढरे, तर पडद्याला बाकीचे रंग हवेत कशाला? त्या दोघांच्या मिश्रणातून अण्णा इतक्या तऱ्हेचे करडे रंग करायचे की डबे ठेवायला ओसरी पुरायची नाही. आई त्या डब्यांना ठेचकाळायची आणि अण्णांचा उद्धार करायची. दोन वर्षांत पडदा मळला की स्टुडिओवाले तो परत पाठवत. अण्णा त्यावर खळ मारून जुनं चित्र बुजवत आणि त्याच कापडावर नवं काढत. त्यामुळे माझ्या वडिलांचं एकही चित्र आज शिल्लक नाही. जे आहे ते दुसऱ्यांच्या लग्नाच्या फोटोंत आहे, आणि तिथेही ऐन मधोमध नवरा-नवरी.

रविवारी अण्णा सायकल काढून हिंडायला जायचे. देवगिरी, खुलताबाद, म्हैसमाळ, वेरूळ, कधी एस.टी.नं पार पैठणपर्यंत. सोबत पेन्सिल, वही आणि आईनं बांधून दिलेली भाकरी. तिथं बघितलेलं सगळं पडद्यावर यायचं. पाणचक्कीचा हौद, एखाद्या दरवाजाची कमान, देवगिरीचा किल्ला. पण हे सगळं पुढच्या भागात. मागे असायचे ते डोंगर मात्र आमच्याकडचे नव्हते. आमच्याकडचे डोंगर वरून सुरीनं कापल्यासारखे सपाट आणि बोडके. अण्णांचे डोंगर गोल, एकामागे एक, पाच-सहा रांगा, प्रत्येक रांगेच्या पायाशी धुकं, आणि सगळ्यात मागच्या टेकडीवर एक निमुळतं, वर टोकदार होत गेलेलं काहीतरी. त्या टोकदार गोष्टीला लोक आपापल्या सोयीनं नाव द्यायचे. वेरूळकडची माणसं म्हणायची, हे आमच्या घृष्णेश्वराचं शिखर. शहागंजातले स्टुडिओवाले चाचा, ज्यांचे बहुतेक पडदे अण्णा करायचे, ते खूश होऊन म्हणायचे, "मीनार डाले क्या मास्टर? अच्छा किए." अण्णा दोघांनाही हो म्हणायचे.

ते ना शिखर होतं ना मीनार. तो ब्रह्मदेशातला एक पॅगोडा होता.

अण्णांचे वडील रत्नागिरीकडचे. लाकडाच्या कुठल्याशा कंपनीत कारकून म्हणून ब्रह्मदेशात गेले, तिथं आत डोंगरात राहिले, आणि तिथल्याच एका बाईशी त्यांनी संसार मांडला. अण्णा तिचे. अण्णा सोळा वर्षांचे असताना जपानी आले आणि सगळी हिंदुस्थानी माणसं चालत निघाली. धाकटी बहीण तापानं फणफणली होती, म्हणून आजी, म्हणजे अण्णांची आई, तिला घेऊन मागे राहिली. 'मागून बोलावून घेतो,' असं ठरलं होतं. बापलेक महिनाभर चालून इकडे पोचले, पण ते बोलावणं काही झालं नाही. कोकणात भावबंदांनी बापाला पंगतीत घेतलं, आणि मुलाचं पान ओटीवर मांडलं. पोलिस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, दप्तर मात्र उर्दूत राहिलं, आणि मराठी-इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनांची इकडे टंचाई झाली. आजोबांना कुणीतरी ही खबर दिली. ओटीवरचं पान सुटावं म्हणून ते मुलाला घेऊन इथं आले. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं.

हे सगळं मला अण्णांनी एका बैठकीत कधीच सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यानं कळलं, तेही आईकडून, आणि तेही माझं लग्न पार पडल्यावर. कारण आईनं तशी तंबीच दिली होती. आईचं माहेर वेरूळच्या बाजूचं, शेतीवाडीचं. तिच्या लग्नात बोलणी करणाऱ्यांनी मुलाच्या आजोळची चौकशी केली, तेव्हा आजोबांनी 'कोकणातलंच' म्हणून वेळ मारून नेली. पुढं मी झाल्यावर अण्णांनी आपणहून तिला खरं सांगितलं. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "झालं ते झालं. पण पोरीचं लगीन होईस्तोवर ह्यातलं एक अक्षर तोंडातून काढू नका." एक वेळ सोडली तर अण्णांनी शब्द पाळला. आईच्या बाजूनं सांगायचं तर तिला पोरीच्या लग्नाची काळजी होती, आणि ती खोटी नव्हती.

पण सगळं आईवर ढकलून मला मोकळं होता येत नाही. माझा वाटा आईपेक्षा मोठा आहे.

मी सात-आठ वर्षांची असेन. अण्णा पडदा रंगवत असले की मी खाली बसून डबे पुढे सरकवायची. एकदा आई दळण घेऊन गिरणीत गेली होती, तेव्हा अण्णांनी मला डबे मोजायला शिकवलं, त्यांच्या आईच्या भाषेत. एक ते दहा. गंमत वाटली. मी दोन दिवसांत पाठ केले आणि शाळेत लगोरीच्या ठिकऱ्या तसल्या आकड्यांनी मोजून दाखवल्या. माझे डोळे अण्णांसारखे बारीक, नाक बसकं, आणि वर हे आकडे. सगळ्या वर्गानं मला 'चिनी' करून टाकलं, आणि ते नाव मला मॅट्रिकपर्यंत चिकटलं. त्या दिवशी घरी येऊन मी दप्तर फेकलं आणि अण्णांवर ओरडले, "मला नको तुमची ती घाण भाषा! परत बोललात तर मी आईला सांगीन." अण्णांच्या हातात कुंचला होता. ते म्हणाले, "नाही बोलत, बाळ." आणि खरोखर बोलले नाहीत. तीस-पस्तीस वर्षं. त्या दहा आकड्यांतला एकही आज मला आठवत नाही.

मधली वर्षं पडद्यांचीच गेली. मग रंगीत फोटो आले. चाचा एक दिवस सायकल रिक्षात नवंकोरं कापड घालून आले आणि म्हणाले, "मास्टर, अब रंगीन का जमाना आगया. वोइच पहाडां डालो, बस रंग भरो." अण्णा हरखून गेले. त्यांनी रंग आणले, पुढचा भाग झपाट्यानं केला. हौदाचं पाणी निळं, कमान तांबूस, किल्ला मातकट. डोंगरांपाशी आले आणि थांबले. आठ दिवस ते नुसते कापडापुढे उभे. मी तेव्हा कॉलेजात होते, मला राग आला. म्हटलं, "अण्णा, हिरवे करून टाका ना! डोंगर हिरवेच असतात."

"हिरवे होते?" त्यांनी मला विचारलं. मला! जसं काही मी तिथं होते.

मग म्हणाले, "आकार सगळे आठवतात गं. रंगच आठवत नाही. इतकी वर्षं करडे काढले, आता डोळे मिटले तरी करडेच दिसतात."

तो पडदा तसाच राहिला. पुढं रंगीत, मागं करडा, आणि शेवटी ओसरीवरच कुजून गेला. चाचांना असला पडदा चालणार नव्हता, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. त्यांनी मुंबईहून बर्फाच्या डोंगरांचा छापील कागद मागवला आणि भिंतीला चिकटवला. अण्णा दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले. रविवारची सायकलही बंद झाली. मला तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, वय झालं होतं आता उन्हातान्हात फिरायचं.

अण्णांना अर्धांगवायू झाला तेव्हा ते सत्तरीला आले होते. माझं घर बजाजनगरला, नवरा तिथं वाळूजच्या एका कारखान्यात, आणि आई-अण्णा मुकुंदवाडीला. म्हणजे शहराची दोन टोकं. मी शिकवायची ती शाळा सुटली की मी बस बदलत मुकुंदवाडी गाठायची आणि दिवेलागण झाली की परत निघायची. अण्णांची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. डॉक्टर म्हणाले, वाचा येऊ शकते, धीर धरा. आम्ही धीर धरला. आईनं तर सोमवारही धरले.

तीन आठवड्यांनी वाचा आली. मी दारात चपला काढत होते, तेवढ्यात आतून आई ओरडली, "बोलले! अगं ये, बोलले!" मी धावले. अण्णा माझ्याकडे बघून एक अख्खं वाक्य बोलले, स्पष्ट, न अडखळता. आणि आम्हा दोघींना त्यातलं काहीही कळलं नाही.

पहिल्यांदा वाटलं, जीभ जड आहे. दुसऱ्यांदा बोलले, तिसऱ्यांदा बोलले, तेव्हा समजलं की जीभ मुळीच जड नाही. भाषाच दुसरी आहे. मराठी गेली होती, दख्खनी गेली होती, आजोबांच्या कचेरीतल्या लोकांकडून शिकलेलं मोडकं उर्दू गेलं होतं, आणि तळाशी जी होती ती वर आली होती. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, असं होतं कधी कधी. असं होतं म्हणजे काय? माझे वडील माझ्यासमोर बसून माझ्याशी बोलतायत आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेय, असं होतं?

आई खाटेच्या पायथ्याशी बसून म्हणाली, "चाळीस वर्सं माझ्यासंगं मराठीत भांडले. आता कुणाशी बोलाय लागलेत हे?" ती रडत नव्हती. तिला अपमान झाल्यासारखं झालं होतं.

बाकी बोलणं थोडं, पण एक वाक्य ते रोज म्हणायचे. दिवसातून चार-पाच वेळा, बहुतेक दिवेलागणीच्या सुमाराला. पाच-सहा शब्दांचं, शेवटाला आवाज वर चढणारं. म्हणजे प्रश्न होता. तो विचारून ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. एक मिनिट, दोन मिनिटं. मग डोळे मिटून घ्यायचे आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी यायचं.

मी गणिताची शिक्षिका. उत्तर नसलेलं गणित आलं की मला पुस्तकाची चूक वाटते. मी वही घेऊन बसले आणि एकेक गोष्ट पुढं करून बघितली. पाणी? नाही, डाव्या हातानं दूर सारलं. दुखतंय? नाही. मोरी? नाही. भूक, पांघरूण, खिडकी, रेडिओ, सगळ्याला नाही. डाव्या हातात पेन्सिल दिली. त्यांनी कागदावर एक रेघ काढली, थरथरत, वर गेलेली, खाली आलेली, परत वर. डोंगर. मी ओळखीच्या घरांतून पाच-सहा लग्नाचे फोटो मागून आणले आणि त्यांच्या पुढ्यात धरले. अण्णांनी बोट नवरा-नवरीच्या डोक्यावरून सरकवत मागं नेलं, डोंगरांवर ठेवलं, आणि तोच प्रश्न विचारला.

म्हणजे तिथलं काहीतरी होतं. एवढं कळलं आणि पुढं सगळं बंद. आईबद्दल होतं का? बहिणीबद्दल? ती तापातून उठली का, असं? घरी कधी जायचं, असं? माझ्याकडे बघून विचारत होते म्हणजे मी त्यांना कोण वाटत होते? मला एकच गोष्ट हवी होती. त्यांचा जीव आहे तोवर हा प्रश्न काय आहे ते कळावं, आणि एकदा तरी त्याचं उत्तर द्यावं.

अख्ख्या शहरात ती भाषा येणारं कुणी सापडलं नाही. विद्यापीठात विचारलं, पाली शिकवणारे एक गृहस्थ भेटले, त्यांनी हात जोडले. मग शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सुचवलं, वेरूळला थंडीत परदेशचे बौद्ध यात्रेकरू येतात, त्यांत ब्रह्मदेशचेही असतात. मी नवऱ्याचा टेपरेकॉर्डर उचलला, कोरी कॅसेट घातली आणि अण्णांच्या उशाशी ठेवून त्यांचं वाक्य भरून घेतलं. चार वेळा आलं कॅसेटवर. मध्ये आईचा खोकला आणि मुकुंदवाडी स्टेशनावर थांबलेल्या गाडीची शिट्टी.

पुढचे रविवार मी वेरूळला. आईच्या माहेरची वाट, पण माहेरच्यांकडे फिरकले नाही, काय सांगणार होते त्यांना? चैत्याच्या लेण्यापाशी, जिथं मोठी बुद्धमूर्ती आहे, तिथं पायरीवर टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसायची. सहली यायच्या, पोरं आत जाऊन आवाज काढून घुमवून बघायची. तिथला एक वयस्कर गाईड पहिल्या दिवशी मला हटकायला आला आणि ऐकून घेतल्यावर माझ्या बाजूचाच झाला. "म्याडम, जपानचे लई येतात. थायलंडचे येतात. तुमचे बी येतील, बसा तुम्ही." तुमचे, असं तो सहज म्हणाला. मला आयुष्यात पहिल्यांदा त्याचा राग आला नाही.

चौथ्या रविवारी ते आले. गाईडच पळत सांगायला आला, "म्याडम, आले, आले!" वीस-पंचवीस माणसं, लुंगीसारखी वस्त्रं, बायकांच्या गालांवर पिवळसर लेप. त्यांच्यात एक म्हातारी होती, तिचे डोळे आणि नाक हुबेहूब अण्णांचे. म्होरक्याला इंग्रजी येत होतं. मी कसंबसं सांगितलं. त्यानं सगळ्यांना गोल बसवलं, अगदी देवळात कथेला बसावं तसं, आणि मी बटण दाबलं.

अण्णांचा आवाज आला. सगळे कान देऊन ऐकत होते. वाक्य संपलं. म्होरक्यानं परत लावायला सांगितलं. परत लावलं. ते एकमेकांकडे बघायला लागले. म्हातारीनं मान पुढं केली, कानामागं हात धरला, तिसऱ्यांदा ऐकलं, आणि हळू मान हलवली. आडवी.

म्होरक्या फार सभ्य माणूस होता. त्यानं मला समजावून सांगितलं की त्यांच्या देशात डोंगराडोंगरातून वेगवेगळ्या जमाती आहेत आणि त्यांच्या भाषा एकमेकांना कळत नाहीत. ही त्यांची भाषा नव्हे. कुठली असेल, तेही त्याला सांगता येईना. मग त्यानं मला मदत करायची म्हणून विचारायला सुरुवात केली. तुमची आजी कुठल्या जमातीची? माहीत नाही. गाव कोणतं? माहीत नाही. जवळ नदी कोणती होती? माहीत नाही. आजीचं नाव? तेही मला माहीत नव्हतं. मी लग्नाचा फोटो काढून डोंगर दाखवले. त्यांनी तो हातोहात फिरवला. म्होरक्या म्हणाला, असे डोंगर आमच्याकडे सगळीकडेच आहेत.

म्हातारी उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या हनुवटीला हात लावून काहीतरी बोलली. म्होरक्या तेव्हा बसकडे बाकीच्यांना हाकारायला गेला होता, त्यामुळे तेही मला कळलं नाही. मी तिला वाकून नमस्कार केला. बस गेली. गाईडनं चहा आणून दिला आणि तो शेजारी बसला.

मुकुंदवाडीला पोचले तेव्हा आई दारातच उभी होती. "कळलं?"

"नाही. त्यांची भाषा नाही म्हणे ती. दुसरीच कुठली."

"दुसरी कुठली?"

"मला काय माहीत, आई! तूच कधी विचारू दिलंस का?" मी असं बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले. आई आत गेली आणि अण्णांच्या खाटेवर बसली. दिवे लागले होते. अण्णांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि प्रश्न विचारला.

मी तोंड फिरवलं. आईनं त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि ठसक्यात म्हणाली, "व्हय. हाय. समदं नीट हाय."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले. त्या दिवशी पाणी आलं नाही.

मला संताप आला. स्वयंपाकघरात गेल्यावर म्हटलं, "आई, त्यांनी काय विचारलं ते तुला माहीत नाही. हो कशी म्हणतेस? हे फसवणं आहे."

आई पिठात पाणी घालत होती. म्हणाली, "मग काय नाय म्हणू?"

दुसऱ्या दिवसापासून मीही हो म्हणायला लागले. अण्णांनी विचारलं की मी त्यांचा हात धरून म्हणायची, "हो अण्णा. आहे." ते डोळे मिटायचे. दोन घास जास्त जायचे. प्रश्न विचारणं कमी कमी होत गेलं, दिवसाला दोनदा, मग एकदा. आई शेजारणीला सांगायची, आता लई बरं हाय. मलाही तसं वाटायला लागलं. उत्तर चूक असलं तरी गणित सुटलं होतं. आता मला माझीच लाज वाटते, पण तेव्हा मी बसमधून जाताना बरी झोपायला लागले होते.

असे दीड-दोन महिने गेले. एक दिवस शाळेला सुट्टी होती, मी दुपारीच आले होते. आई भाजी आणायला बाहेर पडली होती. मी अण्णांना पेज भरवली, तोंड पुसलं. त्यांनी प्रश्न विचारला. मी रोजच्यासारखा हात धरला आणि हो म्हणाले. पण त्यांनी डोळे मिटले नाहीत. ते माझ्याकडे टक लावून बघत होते. मग ते दुसरंच एक वाक्य बोलले. लांब, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला समजावून सांगतात तसं. त्याच्याही शेवटाला आवाज वर गेला.

मी विचारसुद्धा केला नाही. तोंडात उत्तर तयारच होतं. म्हणाले, "हो अण्णा. हो."

त्यांनी माझा चेहरा इकडून तिकडे निरखला. मग माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. तो एकच हात त्यांचा चालत होता, त्यात जोर किती, पण बोटं उघडून, एकेक करून, त्यांनी तो सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी "अण्णा, अण्णा" केलं, "नाही, नाही" म्हटलं, मानेनं, हातानं, जसं सुचेल तसं. त्यांनी वळून बघितलं नाही. आई भाजी घेऊन आली तेव्हाही ते तसेच होते.

त्यानंतर त्यांनी काहीच विचारलं नाही. मला नाही आणि आईलाही नाही. पाचव्या दिवशी सकाळी ते गेले. आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "शांत गेले. शेवटाला काय मागितलं नाय त्यांनी." ती पुढे सात-आठ वर्षं होती, पण त्या दुपारचं मी तिला कधी सांगितलं नाही.

त्यांचं रोजचं वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. कधी कुणी भेटलंच, तर मी ते बिनचूक म्हणून दाखवू शकेन. पण दुसरं वाक्य मी एकदाच ऐकलं. ते भिंतीकडे वळल्यावर मी लगेच मनात म्हणून बघितलं, परत परत म्हणून बघितलं. पण त्यातला एकही शब्द माझ्याजवळ राहिला नव्हता.